तळ्यावरची साय : शेवाळाच्या गोळीची पाचशे वर्षे

१/
८ नोव्हेंबर १५१९. एर्नान कोर्तेसच्या स्पॅनिश सैन्याने ॲझ्टेकांच्या राजधानीत, तेनोच्तित्लानमध्ये प्रवेश केला. विस्तीर्ण तळ्यात वसवलेले शहर पाहून सैनिक चकित झाले आणि शेजारच्या त्लातेलोल्कोचा बाजार पाहून त्याहून अधिक. बर्नाल दियाझ देल कास्तियो या सैनिकाने उतारवयात लिहिलेल्या वृत्तांतात त्या बाजारातील मालाची लांबलचक यादी आहे : सोने, पिसे, कापड, कोको, मीठ, गुलाम. त्या यादीत एक लहानशी नोंद सापडते. तळ्यातून काढलेल्या चिखलासारख्या पदार्थाच्या वड्या, चवीला काहीशा चीजसारख्या.

२/
त्या वड्या ज्या जीवापासून बनत, तोच आज स्पिरुलिना या नावाने गडद हिरव्या गोळ्यांच्या रूपात औषधांच्या दुकानांत मिळतो. अनेक बाटल्या, अनेक किमती, अनेक दावे. यांतले चांगले कोणते, हा प्रश्न आजच्या ग्राहकाला पडतो. हा प्रश्न नवा नाही. गुणवत्तेच्या ज्या कसोट्या आज सांगितल्या जातात, त्यांतील बहुतेकींच्या मागे एखादी जुनी रीत किंवा एखादा अपघात उभा आहे. या धाग्यात त्यांचाच मागोवा.

३/
ॲझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेत या पदार्थाचे नाव होते तेकुइत्लात्ल. शब्दशः अर्थ : दगडाची विष्ठा. नाव ओंगळ, पण पदार्थ नित्याच्या खाण्यातला. मोतोलिनिया व साहागून या धर्मप्रसारकांनी आणि १५७० च्या दशकात स्पेनच्या राजाने पाठवलेले वैद्य फ्रान्सिस्को एर्नांदेस यांनी त्याचे वर्णन केले आहे. वर्षाच्या ठरावीक काळात पाण्यावर दाट थर जमे. कोळी बारीक जाळ्यांनी तो गोळा करत, वाळूवर किंवा जमिनीवर पसरून उन्हात वाळवत आणि त्याच्या वड्या पाडत. मक्याच्या भाकरीबरोबर त्या खाल्ल्या जात. चवीला खारट, आणि किंचित चिखलाचा वास.

४/
हा थर तेस्कोको तळ्यातच का जमे? मेक्सिकोच्या खोऱ्यातील तळी एकमेकांना जोडलेली होती. दक्षिणेकडचे सोचिमिल्को गोड्या झऱ्यांचे. तेस्कोको मात्र सर्वांत सखल. पाणी तेथे येई, पण बाहेर जायला वाट नव्हती. सूर्य पाणी उडवून नेई आणि मागे मीठ व सोडा साठत राही. खारे आणि गोडे पाणी वेगळे ठेवण्यासाठी तेस्कोकोचा राजा नेसाव्हालकोयोत्ल याच्या नावाने ओळखला जाणारा प्रचंड बांध पंधराव्या शतकाच्या मध्यास घालण्यात आला होता.

५/
या साऱ्यात एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे. सोड्याने भरलेल्या, सामू १० च्या आसपास असलेल्या पाण्यात फारच थोडे जीव तगतात. स्पिरुलिना तगतो, इतकेच नव्हे, तर तेथे तो फोफावतो. साहजिकच त्याला स्पर्धक थोडे, आणि गोड्या तळ्यात वाढणारी कित्येक विषारी शेवाळे तेथे टिकाव धरू शकत नाहीत. म्हणजे शेवाळ निवडण्याचे काम माणसाच्या आधी पाण्यानेच केलेले असे. कोळ्यांना सामू ठाऊक नव्हता. परंतु कोणत्या पाण्यावरची साय काढायची आणि कोणत्या दिवसांत, हे ठाऊक होते.

६/
१५२१ मध्ये तेनोच्तित्लान पडले. त्याच्या अवशेषांवर स्पॅनिशांनी मेक्सिको सिटी उभारली, पण पुराने त्यांना हैराण केले. १६०७ मध्ये एन्रिको मार्तिनेस यांच्या देखरेखीखाली खोऱ्यातील पाणी बाहेर काढण्यासाठी बोगदा खोदण्यास प्रारंभ झाला. तरीही १६२९ च्या महापुरात शहर बुडाले, आणि पाणी ओसरायला काही वर्षे लागली. उपसा पुढे शतकानुशतके चालू राहिला. १९०० मध्ये पोर्फिरिओ दियाझ यांच्या राजवटीत मोठ्या कालव्याचे उद्‌घाटन झाले. तळे आटत गेले. तळ्याबरोबर कोळी गेले, आणि कोळ्यांबरोबर तेकुइत्लात्ल बाजारातून गेले. शब्द उरला तो जुन्या ग्रंथांत.

७/
त्याच काळात युरोपातील शास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली या वर्गातील जीवांना नावे देत होते. १८२७ मध्ये तुर्पिन यांनी स्पिरुलिना ही प्रजाती नोंदवली. १८५२ मध्ये स्टिट्झेनबर्गर यांनी आर्थ्रोस्पायरा वेगळी काढली. १९३२ मध्ये गाइटलर यांनी दोन्ही एकाच नावाखाली आणल्या. पुढे त्या पुन्हा वेगळ्या झाल्या. खाण्यायोग्य जीव आर्थ्रोस्पायरा गटातला, पण बाजाराने जुने नाव सोडले नाही. म्हणूनच चांगल्या वेष्टनावर ‘स्पिरुलिना’ या व्यापारी नावाशेजारी आर्थ्रोस्पायरा प्लाटेन्सिस असे शास्त्रीय नावही छापलेले असते.

८/
काटेकोरपणे पाहिले तर हे शेवाळही नव्हे. तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर अन्न बनवणारा नीलहरित जीवाणू आहे. त्याचे तंतू मळसूत्रासारखे पिळलेले आणि साधारण अर्धा मिलिमीटरपर्यंत लांब असतात. म्हणून ते दाट विणीच्या कापडातही अडकतात. याउलट क्लोरेला हे खरे हरित शेवाळ. त्याची गोल पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. ती कापडातून निसटते, आणि तिचे कवच टणक. एक जीव जाळे व वाळू एवढ्या साधनांवर माणसाच्या ताटात आला, तर दुसऱ्याला यंत्रयुगाची वाट पाहावी लागली, याचे कारण या आकारात आहे.

९/
आता दृश्य आफ्रिकेतले. मेक्सिकोचे कोळी विस्मृतीत गेले, तरी सहारा वाळवंटाच्या दक्षिण कडेला चाड सरोवराच्या परिसरात तीच कला जिवंत होती, आणि तीही मेक्सिकोशी कोणताही संबंध नसताना. १९४० मध्ये पिएर दांझार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने एक टिपण प्रसिद्ध केले. फ्रेंच वसाहती सैन्यातील एका औषधनिर्मात्याने त्यांच्याकडे बाजारात मिळालेल्या हिरव्या वडीचा नमुना पाठवला होता. कानेम भागातील लोक तिला दिहे म्हणत. दांझार यांनी त्यातला जीव ओळखला. पण ते वर्ष १९४०. फ्रान्स युद्धात कोसळत होता. हिरव्या वडीकडे कोण पाहणार?

१०/
पाव शतकानंतर, १९६४-६५ मध्ये, एका बेल्जियन मोहिमेने सहारा ओलांडला. मोहिमेतील वनस्पतिशास्त्रज्ञ झां लेओनार यांना फोर्ट-लामीच्या, म्हणजे आजच्या एन्जामेनाच्या, परिसरातील बाजारांत त्याच निळसर हिरव्या वड्या दिसल्या. त्यांनी सहकाऱ्यासह पृथक्करण करून १९६७ मध्ये निष्कर्ष मांडले : वाळवलेल्या स्पिरुलिनाच्या वजनात निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचा. त्याच सुमारास फ्रान्सच्या पेट्रोलियम संशोधन संस्थेतही या जीवावर काम सुरू होते. दोन खंडांतल्या गरिबांच्या अन्नाची दखल अखेर प्रयोगशाळेने घेतली.

११/
दिहे तयार करण्याचे काम कानेंबू स्त्रियांचे. चाड सरोवराजवळच्या कोसोरोम या सोडायुक्त तळ्यावर पहाटे स्त्रिया जमतात. वाऱ्याने काठाशी लोटलेली दाट साय त्या भांड्यांनी उपसतात आणि वाळूत केलेल्या उथळ, गोल खळग्यांत ओततात. वाळू पाणी पिऊन टाकते, वर हिरवा थर उरतो. त्यावर तळहात फिरवून तो सारखा करायचा, चौकोनी तुकडे कापायचे, चटईवर वाळवायचे. घरी हे तुकडे कुटून मिरची, टोमॅटो घातलेल्या कालवणात शिजवतात आणि बाजरीच्या गोळ्याबरोबर खातात. पुरुष पाण्यात उतरला तर तळे वांझ होते, अशी तेथे समजूत आहे.

१२/
या समजुतीला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारणे सोपे आहे. परंतु तिचा परिणाम काय होतो ते पाहण्याजोगे आहे. तळ्यावर कोण उतरणार आणि कोण नाही, हे ठरलेले राहते. पाणी ओळखणारे हातच ते पाणी हाताळतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एकट्या कोसोरोम तळ्यावरून वर्षाला सुमारे ४० टन दिहे निघत असे. खाणारा, विकणारी आणि पाणी ही तिन्ही एकमेकांच्या ओळखीची. गुणवत्तेची हमी कागदावर लिहिण्याची गरज तेथे पडत नसे.

१३/
अर्थात ही पद्धत निर्दोष नव्हती. वाळूत गाळलेल्या वडीत वाळू राही. उघड्यावर वाळताना धूळ, माश्या, जंतू यांची लागण होई. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने युरोपीय संघाच्या मदतीने चाडमध्ये प्रकल्प राबवला. साय आधी गाळून घ्यावी, कापडावर निथळावी, स्वच्छ पृष्ठभागावर लवकर वाळवावी, एवढेच बदल. सुधारित दिहेला बाजारात अधिक भाव मिळू लागला. गुणवत्तेची पहिली कसोटी पाण्याची. दुसरी गाळण्याची आणि वाळवण्याची. ही दुसरी कसोटी किती निर्णायक असते, हे मात्र जगाला जपानने शिकवले.

१४/
त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दुसऱ्या महायुद्धानंतर जगाची लोकसंख्या वाढत होती आणि अन्न पुरणार नाही अशी धास्ती होती. त्या काळातील अनेक शास्त्रज्ञांनी क्लोरेलाकडे आशेने पाहिले. डच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंक यांनी १८९० मध्ये ते वेगळे करून वाढवले होते. १९५१ मध्ये अमेरिकेतील केंब्रिज शहरात, एका इमारतीच्या छतावर, क्लोरेलाची प्रायोगिक लागवड झाली. कार्नेगी संस्थेने १९५३ मध्ये या विषयावरचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. जगाची भूक भागवणारे अन्न सापडले, असा सूर वर्तमानपत्रांतून उमटला.

१५/
हिशेब जुळला नाही. पेशी इतक्या लहान की पाण्यातून वेगळ्या करायला वेगाने फिरणारी यंत्रे हवीत. कवच इतके टणक की फोडल्याशिवाय नीट पचत नाही. चव आणि वासाची तक्रार वेगळीच. सोयाबीनपुढे हे अन्न फार महाग ठरले. जपानमध्ये मात्र हिरोशी तामिया यांच्यासारख्या संशोधकांनी पाया घातला होता, आणि १९६० च्या दशकात तेथे क्लोरेला आरोग्यवर्धक गोळी म्हणून विकले जाऊ लागले. भुकेल्यांसाठी शोधलेले अन्न ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांच्या हाती गेले. शेवाळाच्या बाजाराला हे वळण तेथे मिळाले.

१६/
१९७७. जपानमध्ये क्लोरेलाच्या गोळ्या घेणाऱ्या काही लोकांना विचित्र विकार जडला. ऊन लागताच चेहरा व हात लाल होत, सुजत, भाजल्यासारखी आग होई. गोळीत बाहेरून घातलेले विष नव्हते. दोषी ठरले ते फिओफॉर्बाइड, म्हणजे हरितद्रव्याचेच विघटन होऊन बनलेले रसायन. शेवाळ काढल्यानंतर त्यातील विकर काम करत राहिले, प्रक्रियेत हयगय झाली, की ते साठते. शरीरात गेलेले हे रसायन त्वचेपर्यंत पोहोचते आणि सूर्यप्रकाश पडला की पेशींना इजा करते.

१७/
गंमत अशी की जपानच्या ईशान्येकडील किनाऱ्यावर या धोक्याची लोकस्मृती आधीपासून होती. वसंतातल्या अबालोन शिंपल्याची आतडी मांजराला घातली तर त्याचे कान गळून पडतात, अशी तेथे म्हण होती. पुढे शास्त्रज्ञांनी कारण शोधले : अबालोन समुद्री शेवाळ खातो आणि त्याच्या आतड्यांत याच कुळातले रसायन साठते. मांजराच्या कानांवर केस विरळ, ऊन थेट लागते. १९८१ मध्ये जपानी शासनाने क्लोरेला उत्पादनांत फिओफॉर्बाइड किती असावे यावर मर्यादा घातली. कच्चा माल उत्तम असूनही गोळी वाईट असू शकते, हे आता कायद्याने मान्य झाले.

१८/
इकडे मेक्सिकोत चक्र पूर्ण होत होते. आटलेल्या तेस्कोको तळ्याच्या जागी सोसा तेस्कोको ही कंपनी जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून सोडा काढत असे. त्यासाठी सुमारे ३ किलोमीटर व्यासाचे, गोगलगाईच्या शंखासारखे वळत जाणारे बाष्पीभवनाचे तळे बांधले होते. १९६० च्या दशकात त्यात एक हिरवी पीडा माजली. संचालक ह्यूबेर द्युरां-शास्तेल यांनी फ्रेंच संशोधकांकडे चौकशी केली. ती पीडा म्हणजे तेकुइत्लात्लच होते. १९७० च्या दशकात कंपनी सोड्याबरोबर स्पिरुलिनाही विकू लागली. साडेचारशे वर्षांनी तीच साय, त्याच जागी, पुन्हा बाजारात आली.

१९/
यापुढे दोन वाटा फुटल्या. एक वाट कृत्रिम तलावांची. कॅलिफोर्निया विद्यापीठातील विल्यम ऑस्वाल्ड यांनी १९५० च्या दशकापासून उथळ, धावपट्टीसारखे वळणारे आणि चाकाच्या पात्यांनी पाणी फिरते ठेवणारे तलाव विकसित केले. पाण्याचा सामू, क्षार, तापमान माणूस ठरवणार. म्हणजे तेस्कोकोचे पाणी तलावात मुद्दाम घडवायचे. कॅलिफोर्निया, हवाई, थायलंड येथे अशी लागवड उभी राहिली. दुसरी वाट नैसर्गिक तळ्यातून थेट शेवाळ काढण्याची. ‘रानातले, अस्सल, निसर्गाने वाढवलेले’ हा तिचा विक्रीमंत्र. ही दुसरी वाट अमेरिकेतील ऑरेगन राज्यातल्या अप्पर क्लॅमथ तळ्यावर येऊन अडखळली.

२०/
क्लॅमथ तळे गोड्या पाण्याचे. त्यात अफानिझोमेनॉन नावाचा नीलहरित जीवाणू उन्हाळ्यात प्रचंड वाढतो. १९८० च्या दशकापासून तो काढून, वाळवून, गोळ्यांच्या रूपात विकला जाऊ लागला. लहान मुलांनाही तो दिला जाई. पण गोड्या पाण्यात त्याचा शेजारी असतो मायक्रोसिस्टिस. तो मायक्रोसिस्टिन हे यकृताला घातक विष बनवतो. जाळ्यात दोघेही सापडतात. १९९६ मध्ये तळ्यात मायक्रोसिस्टिसची मोठी वाढ झाली, आणि राज्य प्रशासनाने गोळ्यांची तपासणी सुरू केली.

२१/
त्याच वर्षी ब्राझीलमधील कारुआरू शहरात या विषाने काय होऊ शकते ते जगाने पाहिले. तेथील डायलिसिस केंद्रात नीट शुद्ध न केलेले तलावाचे पाणी वापरले गेले होते. यकृत निकामी होऊन ५० हून अधिक रुग्ण दगावले. तेथे विष थेट रक्तात गेले, म्हणून परिणाम इतका भीषण. गोळीतून पोटात जाणारी मात्रा फार कमी. तरीही मायक्रोसिस्टिन कशाला म्हणतात, हे सर्वांना कळले. या विषाला चव नाही, रंग नाही, आणि उकळून ते जात नाही. गोळी हुंगून, चाखून किंवा पाण्यात विरघळवून ते ओळखता येत नाही.

२२/
१९९७ मध्ये ऑरेगनने मर्यादा ठरवली : १ ग्रॅम उत्पादनात १ मायक्रोग्रॅमहून अधिक मायक्रोसिस्टिन नको. २००० साली तेथील तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ८७ नमुन्यांपैकी ८५ मध्ये विष आढळले, आणि ६३ नमुन्यांत ते मर्यादेहून अधिक होते. ‘नैसर्गिक’ या शब्दावर विसंबून लोकांनी जे घेतले, त्यातील बहुतांश माल नव्या कसोटीवर नापास झाला. तेस्कोको आणि कोसोरोमच्या पाण्याने जे काम फुकट केले होते, ते क्लॅमथच्या गोड्या पाण्याने केले नाही.

२३/
मर्यादा पाळली म्हणजे सर्व सुरक्षित झाले, असेही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्ये सुचवलेली रोजची सहनीय मात्रा शरीराच्या प्रत्येक किलोमागे ०.०४ मायक्रोग्रॅम. ६० किलोच्या प्रौढासाठी ती २.४ मायक्रोग्रॅम होते. मर्यादेवर असलेल्या मालाचे २ ग्रॅम घेतले तर २ मायक्रोग्रॅम पोटात जातात, प्रौढ बचावतो. १५ किलोच्या मुलासाठी मात्र सहनीय मात्रा ०.६. तेवढ्याच २ ग्रॅममध्ये त्याला तिपटीहून अधिक विष मिळते. प्रौढांच्या गोळ्या मुलांना देऊ नयेत, हा नियम या साध्या त्रैराशिकातून येतो.

२४/
आणखी एक फसगत विषाची नव्हे, दाव्याची. शाकाहारी लोकांसाठी बी-१२ जीवनसत्त्वाचा स्रोत म्हणून स्पिरुलिनाची जाहिरात अनेक वर्षे झाली. १९९९ मध्ये जपानी संशोधक फुमिओ वातानाबे व सहकाऱ्यांनी गोळ्या तपासल्या. त्यांत बी-१२ म्हणून मोजले जाणारे बहुतांश द्रव्य खोटे बी-१२ निघाले. रेणू जवळजवळ तसाच, पण मानवी शरीराला निरुपयोगी. बी-१२ च्या कमतरतेने नसांना कायमची इजा होऊ शकते. त्यामुळे हिरव्या गोळीवर भिस्त ठेवून खरे औषध टाळणाऱ्याचे नुकसान मोठे. अशी जाहिरात करणाऱ्या वेष्टनाकडे संशयानेच पाहावे.

२५/
भारतात या इतिहासाचा सूर वेगळा लागला. येथे शेवाळाकडे प्रथम पाहिले गेले ते कुपोषणावरचा उपाय म्हणून. १९७० च्या दशकात म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने जर्मन सहकार्याने शेवाळ लागवडीचे प्रयोग केले. चेन्नईच्या मुरुगप्पा चेट्टियार संशोधन केंद्रात सी. व्ही. शेषाद्री यांनी खेड्यातील कुटुंबाला जमेल अशा स्वस्त टाक्यांवर काम केले; तामिळनाडूत सुमारे ५००० बालकांना रोज १ ग्रॅम स्पिरुलिना देण्याचा मोठा प्रयोगही झाला. खाद्य स्पिरुलिनासाठी भारतीय मानक ब्यूरोचे स्वतंत्र मानक आहे : आयएस १२८९५.

२६/
आणि महाराष्ट्र? बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर हे तेस्कोकोचेच भावंड म्हणावे असे. बेसाल्ट खडकात उल्कापाताने झालेले विवर, पाण्याला बाहेर वाट नाही, सोडा साठलेला, सामू १० च्या आसपास. आईन-ए-अकबरीत काच व साबणाला लागणाऱ्या येथील क्षाराचा उल्लेख आहे. या पाण्यात आर्थ्रोस्पायरा नैसर्गिकरीत्या आढळतो, आणि जगभरच्या सोडायुक्त तळ्यांवर त्यावर जगणारे रोहित पक्षी येथेही दिसतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने कारण शोधले : खारटपणा वाढल्याने माजलेले हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. पाण्याचा समतोल बदलला की त्यातले जीवही बदलतात. रानातल्या तळ्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही, ते याच कारणाने.

२७/
आता बाटलीकडे परतता येईल. वेष्टनावरची प्रत्येक ओळ म्हणजे वरच्या इतिहासातले एक प्रकरण आहे.
• शास्त्रीय नाव : स्पिरुलिना, क्लोरेला की अफानिझोमेनॉन? तिघांचे धोके वेगळे.
• पाणी : नियंत्रित तलाव की नैसर्गिक तळे? ठिकाण कोणते? (तेस्कोको, क्लॅमथ)
• मायक्रोसिस्टिनची तपासणी, तीही प्रत्येक तुकडीची. (१९९७)
• शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक यांची तपासणी. कारण हे जीव पाण्यातील धातू शोषून घेतात.
• जंतूंची तपासणी आणि वाळवण्याची पद्धत. (कोसोरोम)
• क्लोरेला असेल तर फोडलेले पेशीकवच आणि फिओफॉर्बाइडची मर्यादा. (१९५३, १९८१)
• भारतात विकल्या जाणाऱ्या मालावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, मुदत.

२८/
यांतील अहवाल स्वतंत्र प्रयोगशाळेचा असावा आणि त्यावरचा तुकडी क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळावा. मागितल्यावर असा अहवाल देणारा उत्पादक आणि केवळ ‘शंभर टक्के शुद्ध’ असे छापणारा उत्पादक, यांत फरक करणे एवढेच ग्राहकाच्या हाती असते. उग्र कुजका वास, फिकट तपकिरी रंग, ओलसर गुठळ्या ही खराब मालाची खूण. पण चांगला रंग व वास ही सुरक्षिततेची खूण नव्हे. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी स्पिरुलिना टाळावा. गर्भवतींनी आणि रक्त पातळ होण्याची किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

२९/
प्रमाणाचे भानही इतिहासच देतो. स्पिरुलिनात ६० टक्के प्रथिने हे खरे. पण ३ ग्रॅमच्या गोळ्यांतून मिळतात जेमतेम २ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात, आणि वाटीभर डाळही या गोळ्यांना मागे टाकते. कानेंबू घरांत एका जेवणात माणशी १० ते १२ ग्रॅम दिहे जाई, तेही बाजरी व कालवणाच्या जोडीने, अन्न म्हणून. जाहिरातीतला चमत्कार त्या ताटात नव्हता. होते ते एका ओळखीच्या तळ्यावरचे, ओळखीच्या हातांनी वाळवलेले पूरक अन्न.

३०/
त्लातेलोल्कोच्या बाजारात वडी विकत घेणाऱ्याला ती कोणत्या तळ्यातली हे विचारावे लागत नसे. तळे शहराच्या चारही बाजूंना दिसत होते. आजच्या ग्राहकाला तळे दिसत नाही. प्रयोगशाळेचा अहवाल आला तो त्या न दिसणाऱ्या तळ्याच्या जागी. म्हणून बाटली हातात घेतल्यावर पहिला प्रश्न प्रथिनांचा, किमतीचा किंवा चमत्काराचा नसावा. तो तोच असावा, जो कोसोरोमच्या काठावरची म्हातारी पहाटे पाण्याकडे पाहून स्वतःला विचारत असेल : आज हे पाणी कसे आहे?

(धागा समाप्त)